न झालेल्या गोलांचा हिशेब

शंकेखोर : पाओलो मालदिनीवर बोलायचंय ना, मग आधी एक अट. पाच युरोपियन चषक, सात इटालियन विजेतेपदं, मिलानसाठी 902 सामने, इटलीसाठी 126, हा पाढा म्हणायचा नाही. तो मलाही येतो. 20 जानेवारी 1985 ला उदिनेच्या मैदानावर सोळा वर्षांचा पोरगा मध्यंतरानंतर उतरला आणि 31 मे 2009 ला फ्लॉरेन्समध्ये, एकेचाळिसाव्या वाढदिवसाला महिनाही उरला नसताना, थांबला. यातून तो किती टिकला ते कळतं. बचाव कसा करायचा, ते यातल्या एकाही आकड्यातून कळत नाही. आघाडीवीराचं तसं नसतं. त्याचे गोल मोजले की निम्मी गोष्ट सांगून होते. बचावपटूची कारकीर्द सांगायला बसलं की माणसं लगेच निष्ठा, सभ्यपणा, नेतृत्व असल्या गोष्टींकडे वळतात आणि फुटबॉल राहतो बाजूला. तेव्हा निष्ठा नको, चषक नकोत. नुसता बचाव सांगा.

चाहता : सांगतो, पण मग जरा बारकाव्यात शिरावं लागेल, कंटाळू नका. मालदिनी मूळचा उजव्या पायाचा आणि आयुष्यातली बरीच वर्षं खेळला डाव्या बाजूला. वरवर ही गैरसोय वाटते. पण प्रतिस्पर्ध्याचा उजव्या बगलेचा खेळाडू समोर येतो तेव्हा त्याच्यापुढे दोनच वाटा असतात : रेषेच्या कडेनं पुढे पळायचं, नाहीतर आत वळून गोलाच्या दिशेनं जायचं. आत वळणं जास्त धोक्याचं, आणि नेमक्या त्याच बाजूला मालदिनीचा पक्का पाय उभा असायचा. कडेनं गेला तर डावा पाय होताच, तो त्यानं घासूनपुसून जवळजवळ उजव्याच्या बरोबरीला आणला होता. म्हणजे समोरच्याला सोयीची वाट उरतच नव्हती.

पुढची गोष्ट उभं राहण्याची. तो कधी समोरासमोर छाती काढून उभा राहायचा नाही. अंग अर्धं वळवलेलं, एक पाय मागे, अंतर इतकंच की झेप घेतली तर चेंडू मिळेल आणि घेतली नाही तरी फसगत होणार नाही. त्याची नजर चेंडूवर कमी आणि चेंडू ज्याच्या पायात आहे त्याच्या मानेवर जास्त असायची. मान खाली असेल तर तो लांब पास देऊ शकत नाही, तेव्हा पुढे सरकायचं. मान वर उचलली की मागे पळायला सुरुवात, पास सुटायची वाट बघायची नाही. चेंडू मागच्या दिशेला खेळला गेला की सगळ्या फळीनं चार पावलं वर जायचं. या गोष्टी कुठल्याही प्रशिक्षणवर्गात शिकवतात, हे मान्य. पण नव्वद मिनिटं, दर दोन-तीन सेकंदांनी, दमलेल्या पायांनी, चाळिशीपर्यंत करत राहणं वेगळं.

शंकेखोर : छान सांगितलंत. आता माझी अडचण ऐका. हे सगळं तो करत होता हे तुम्ही पाहिलंत, पण त्यामुळे गोल झाला नाही हे कशावरून? छत्री घेऊन निघालो आणि पाऊस आला नाही, म्हणून छत्रीनं पाऊस अडवला म्हणायचं का? समोरचा खेळाडू त्या दिवशी मरगळलेला असेल, त्याच्या प्रशिक्षकानं हल्ला दुसऱ्या बाजूनं ठरवला असेल. न घडलेल्या गोष्टीचं श्रेय वाटायला बसलं की ते कोणाच्याही पदरात टाकता येतं.

आणि टाकायचंच असेल तर माझ्याकडे मालदिनीपेक्षा चांगला उमेदवार आहे. अरिगो साकी. 1987 मध्ये तो मिलानचा प्रशिक्षक झाला. स्वतः कधी मोठ्या पातळीवर न खेळलेला माणूस. गुलिट आणि व्हॅन बास्टेनना पटवून देण्यासाठी त्यानं लावलेली पैज तो नंतर सांगायचा : एका बाजूला गोलरक्षक आणि चार बचावपटू, तास्सोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता, मालदिनी. दुसऱ्या बाजूला दहा जण, त्यांत गुलिट, व्हॅन बास्टेन, रायकार्ड, आन्चेलोत्ती, दोनादोनी. पंधरा मिनिटांत गोल करून दाखवा. दहांना एकही करता आला नाही. पुन्हा पुन्हा लावली तरी नाही. साकीचा मुद्दा काय होता? रचलेले पाच हे न रचलेल्या दहांना भारी पडतात. यात मालदिनीचं नाव चौघांतलं एक. त्या जागी दुसरा धडधाकट, शिकायला तयार पोरगा असता तरी पैज साकीनंच जिंकली असती.

चाहता : साकीचं श्रेय मी काढून घेत नाही. त्याच्याआधीचा इटालियन बचाव म्हणजे प्रत्येकानं आपला गडी धरायचा आणि मागे एक मोकळा राखणदार, लिबेरो. साकीनं गडी धरणं सोडून जागा धरायला लावलं. चौघांची ओळ एका दोरीत बांधल्यासारखी हलायची आणि समोरचे ऑफसाइडमध्ये अडकायचे. पण रचनेचाच सगळा पराक्रम असेल तर रचना बदलल्यावर माणूस उघडा पडायला हवा. मालदिनीला पहिला सामना खेळवला तो स्वीडिश नील्स लीडहोमनं, साकी यायच्या अडीच वर्षं आधी. साकीनंतर कापेल्लो आला, तो साकीइतका पुढे चढून खेळत नव्हता. पुढे तोच आन्चेलोत्ती प्रशिक्षक झाला, तेव्हाच्या मिलानमध्ये दोन्ही कडांचे बचावपटू हल्ल्याला जायचे आणि मालदिनी उतारवयात मधोमध येऊन उभा राहिला, शेजारी नेस्ता.

नियमही बदलत होते. 1990 मध्ये बचावाच्या ओळीत समांतर असलेला आघाडीवीर ऑफसाइड नाही, असं ठरलं. म्हणजे ऑफसाइडवर जगणाऱ्यांच्या हातातली अर्धी पुंजी गेली. 1992 मध्ये आपल्याच माणसानं पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईना. अडचणीत सापडलं की चेंडू मागे ढकलून श्वास घ्यायची सोय संपली. 1998 च्या विश्वचषकाला मागून धोकादायक टॅकल करणाऱ्याला थेट लाल कार्ड दाखवायचा हुकूम निघाला. त्याच्या पिढीतले कितीतरी बचावपटू यातल्या एखाद्या बदलाला म्हातारे झाले. हा तिन्ही ओलांडून 2003 आणि 2007 ला युरोपचा चषक उचलतो. आता कुठली रचना इतकी वर्षं टिकली ते तुम्हीच सांगा.

शंकेखोर : नियम का बदलले, तेही सांगा ना. बचावपटूंनी खेळ गुदमरवला म्हणून. 1990 च्या विश्वचषकात 52 सामन्यांत 115 गोल, सरासरी सव्वादोनच्याही आत. तुमच्या लाडक्या मिलाननं 1993–94 चं इटालियन विजेतेपद कसं मिळवलं? 34 सामन्यांत 36 गोल केले, 15 खाल्ले. एवढ्या श्रीमंत संघानं सामन्याला जेमतेम एक गोल करायचा आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या! घर चालवायला कंजूषपणा ठीक आहे, तमाशाला नाही.

आणि ही तर सौम्य बाजू झाली. 1982 च्या विश्वचषकात क्लॉडिओ जेंटिलेनं मॅराडोनाला कसं धरलं, ओढलं, लाथाडलं ते अख्ख्या जगानं पाहिलं. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर बिल्बाओच्या गोइकोएचेआनं त्याचा घोटाच मोडला. व्हॅन बास्टेन तर मालदिनीचा सहकारी. त्याच्या घोट्यांवर आधी विरोधकांचे बूट पडले, मग शल्यविशारदांच्या सुऱ्या. 26 मे 1993 ला म्युनिकला तो शेवटचा सामना खेळला, तेव्हा वय अठ्ठावीस. त्याच सामन्यात खेळलेला मालदिनी त्यानंतर सोळा वर्षं खेळला. तुम्ही ज्याला दीर्घायुष्य म्हणता ना, त्याचा अर्थ कधीकधी एवढाच असतो, की लाथ खाणारा घरी गेला आणि लाथ मारणारा टिकला.

चाहता : हे वाक्य टाळ्यांचं आहे, पण मालदिनीवर नेम धरून बघा, चुकतो. जेंटिलेची पद्धत आणि त्याची पद्धत यांत हाच तर फरक. गडी धरायचा असेल तर गड्याला स्पर्श करावाच लागतो, तो निसटला की ओढावंच लागतं. जागा धरणाऱ्याला अंगाला अंग लावायची गरज कमी पडते. इटलीतला बचाव लाथांकडून डोक्याकडे सरकला, त्या सरकण्याचा चेहरा म्हणजे मालदिनी. 1994 ला 'वर्ल्ड सॉकर' मासिकानं त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. त्या पुरस्काराच्या इतिहासात बचावपटूला मान मिळायची ती पहिली वेळ. तो काही घोटे मोडल्याबद्दल नव्हता.

तमाशाचं म्हणाल, तर मला त्या पंधरा गोलांच्या हंगामात कंटाळा आला नाही. तो तुमच्या डोळ्यांना असेल. चेंडूच्या मागे धावणारे डोळे असतात, तसे मोकळ्या जागेकडे बघणारेही असतात.

शंकेखोर : दुसऱ्या जातीचे डोळे फार थोड्यांकडे असतात, हाच तर माझा मुद्दा. लोकांच्या स्मृतीत बचाव राहतच नाही. आपलंच उदाहरण घ्या. जर्नेल सिंग हा भारताचा बहुधा सगळ्यात मोठा बचावपटू. त्याची कुठली गोष्ट सांगतात? 1962, जकार्ता, आशियाई खेळ. डोक्याला टाके पडले होते, त्यामुळे त्याला बचावातून काढून पुढे खेळवलं आणि कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यानं गोल केला. सुवर्णपदक आलं. म्हणजे बचावपटू अमर झाला तो बचाव सोडून दिल्यावर!

मालदिनीचंही तेच. 2005, इस्तंबूल, लिव्हरपूलविरुद्धचा अंतिम सामना. पहिलं मिनिट पुरं व्हायच्या आत त्यानं गोल केला, आजही लोक तो दाखवतात. मध्यंतराला मिलान तीन गोलांनी पुढे होतं. नंतर सहा-सात मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि पेनल्टींवर चषक घालवला. गोल करायचं काम आघाडीवीरांचं, ते याने केलं. तीन गोल वाचवायचं काम याच्या फळीचं, ते झालं नाही. आणि 18 जून 2002? दक्षिण कोरियातलं देजॉन, विश्वचषक, 117 वं मिनिट. डावीकडून चेंडू आत आला, आन जंग-ह्वान मालदिनीच्या वर उडाला आणि डोक्यानं गोल्डन गोल मारला. इटलीसाठीचा तो त्याचा शेवटचा सामना. 126 सामन्यांच्या शेवटी तो क्षण.

(इथे लेखकाची एक लुडबूड. बचावपटू चुकांमुळेच लक्षात राहतात असं सहज म्हणून जाताना आंद्रेस एस्कोबारचं नाव आठवायला हवं. कोलंबियाचा सभ्य, नीटनेटका बचावपटू. 22 जून 1994 ला पॅसडिनाच्या रोझ बोलवर, अमेरिकेविरुद्ध, आत आलेला चेंडू अडवायला त्यानं पाय घातला आणि चेंडू स्वतःच्याच गोलात गेला. दहा दिवसांनी मेडेयीनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. पाय घातला नसता तर कदाचित मागच्या अमेरिकन खेळाडूनं गोल केला असता आणि एस्कोबारचं नाव कुणी घेतलंच नसतं. आघाडीवीरानं मोकळा गोल चुकवला तर त्याच्या नावापुढे शून्य लागतं. बचावपटूच्या नावापुढे स्वयंगोल लागतो. दोघांच्या चुकांची वही सारखी नाही, आणि हे दोघंही वाद घालणारे तिकडे जरा दुर्लक्ष करताहेत असं मला वाटतं.)

चाहता : देजॉनचं म्हणता, तर त्या संध्याकाळचं बाकीचंही मोजा. शेजारचा बचावपटू कॅनावारो, त्याच्यावर एका सामन्याची बंदी होती, नेस्ता जखमी होता. तोत्तीला बाहेर काढल्यामुळे इटली दहा जणांत खेळत होती. चौतिसाव्या वाढदिवसाला आठवडा उरलेला माणूस 116 मिनिटं कोरियाच्या न थकणाऱ्या पोरांमागे धावला. आनची उडी मला जशी लक्षात आहे तशी त्याआधीच्या 116 मिनिटांतली एकही गोष्ट लक्षात नाही, हे मी कबूल करतो. पण यात दोष कुणाचा? बचावाच्या चुकीला तारीख, मिनिट, स्टेडियम सगळं असतं. बरोबर केलेल्याला यातलं काहीच नसतं. ज्याची फक्त उधारी लिहून ठेवली जाते आणि जमा कुणी लिहीतच नाही, त्याच्या खात्यावरून तो दिवाळखोर ठरणारच.

शंकेखोर : पण ज्याची जमा लिहिलेलीच नाही, त्याला वाटेल तेवढा श्रीमंतही ठरवता येतो. आणि तुम्ही लोक ठरवता. त्याच्या नावावर एक वाक्य फिरतं, की घसरून चेंडू काढावा लागला म्हणजे आधीच कुठंतरी चूक झाली. तो खरंच तसं म्हणाला का कोण जाणे. गंमत अशी, की हेच वाक्य सांगणारे लोक त्याच्याच घसरून चेंडू काढण्याच्या चित्रफिती बघत बसतात. घसरला तरी वाहवा, नाही घसरला तरी वाहवा!

बरं, ही श्रीमंती कुठून आली तेही बघू. बाप चेझारे मालदिनी मिलानचा कर्णधार, 1963 ला वेम्बलीवर बेन्फिकाला हरवून युरोपचा चषक उचललेला. बरोबर चाळीस वर्षांनी मुलानं मँचेस्टरला तोच चषक उचलला म्हणून लोक गहिवरले. आपल्याकडे याला घराणेशाही म्हणतात. 1998 च्या विश्वचषकाला तर इटलीचा प्रशिक्षक बाप आणि कर्णधार मुलगा. क्लब तेव्हा बर्लुस्कोनीचा, टीव्हीच्या पैशावर उभा राहिलेला. युरोपातले उत्तमोत्तम खेळाडू शेजारी आणून बसवले जात असताना एका क्लबात पंचवीस हंगाम राहणं यात त्याग कोणता? आणि 2007 चा चषक? 2006 च्या इटालियन घोटाळ्यात मिलानचे आधीच्या हंगामातले तीस गुण कापले, तरी युरोपात खेळायला मिळालं आणि त्याच हंगामात ते जिंकले. मालदिनीचा त्या घोटाळ्याशी संबंध नव्हता, मान्य. पण निष्ठा जेव्हा सगळ्या बाजूंनी फायद्याचीच असते तेव्हा तिला निष्ठा म्हणायची की सोय?

चाहता : निष्ठा नको, चषक नकोत, ही अट तुमचीच होती. आता तुम्हीच ती मोडलीत तर ऐका. सोळाव्या वर्षी बापाच्या नावावर एक सामना मिळेल, दहा मिळतील. 902 मिळत नाहीत. प्रत्येक आठवड्याला समोर जो आघाडीवीर येतो त्याला तुमचा बाप कोण हे माहीत असलं तरी तो सोडत नाही. आणि सोय म्हणता ती नेहमी नव्हती. बारेसी थांबला त्या 1996–97 च्या हंगामात मिलान अकरावं आलं, पुढच्या वर्षी दहावं. तेव्हा तो एकोणतीस-तिशीतला, जगातल्या कुठल्याही क्लबानं घेतला असता असा होता, आणि तिथेच राहून कर्णधार झाला. घराणेशाहीतली आणखी एक गंमत : तिसऱ्या पिढीतला दानिएल पुढे खेळतो, गोल करायच्या बाजूला. घरात चषकांचा ढीग लावून देणारा धंदा पोरानं घेतला नाही.

आणि निष्ठेचं फळ काय मिळालं तेही सांगतो. 24 मे 2009, सान सिरोवरचा त्याचा शेवटचा सामना, रोमाविरुद्ध. सगळं स्टेडियम उभं, आणि कट्टर समर्थकांच्या स्टँडमधून शिट्ट्या. त्यांनी बारेसीचा सहा नंबरचा प्रचंड शर्ट उलगडला, कर्णधार एकच, असं ओरडले, आणि फलक लावला, त्याचा आशय असा, की मैदानावर तू थोर, पण ज्यांच्या पैशावर मोठा झालास त्यांना मान दिला नाहीस. कारण तो या टोळक्यांपुढे कधी वाकला नाही, त्यांच्याशी खटके उडाले तेव्हा तोंडावर बोलला. पंचवीस हंगामांनंतर घरच्या मैदानावर शिट्ट्या, आणि आठवड्यानं फ्लॉरेन्सच्या परक्या प्रेक्षकांकडून टाळ्या. 2018 मध्ये तो क्लबच्या कारभारात परतला, 2022 ला मिलान अकरा वर्षांनी विजेतं झालं, आणि 2023 च्या जूनमध्ये नव्या मालकांनी त्याला काढलं. सोय अशी असते?

शंकेखोर : नसते. तेवढं मागे घेतो. पण सान सिरोच्या त्या शिट्ट्यांत मला माझ्या कामाची एक गोष्ट दिसते. दर आठवड्याला त्याला प्रत्यक्ष पाहणारे हेच लोक. टीव्हीवाले नव्हेत, तुम्ही-आम्ही नव्हे. बचावाची जमा ज्यांच्या डोळ्यांत साठलेली असायला हवी होती, त्यांनी शेवटच्या दिवशी शर्ट दुसऱ्याचा फडकवला.

चाहता : दुसऱ्याचा म्हणजे कुणाचा? आघाडीवीराचा नाही, बारेसीचा. त्याच फळीतल्या बचावपटूचा! त्यांचं भांडण मालदिनीच्या तोंडाशी होतं, पायांशी नव्हतं. फलकावरही त्यांनी मैदानावरचा थोरपणा कबूल केलाच होता.

पण साक्षीदार बाजूला ठेवू, मी तुम्हाला प्रयोग देतो. 18 मे 1994, अथेन्स, युरोपियन चषकाचा अंतिम सामना. समोर क्रायुफची बार्सिलोना, रोमारियो आणि स्टॉइचकोव्ह ऐन भरात. मिलानचे बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही निलंबित, म्हणजे फळीचा मधला खांबच गेलेला. कापेल्लोनं मालदिनीला डाव्या बाजूवरून उचलून मध्यभागी ठेवलं, शेजारी फिलिप्पो गाली. मिलान 4–0. बरोबर साठ दिवसांनी, 17 जुलै, पॅसडिना, विश्वचषकाचा अंतिम सामना. पुन्हा रोमारियो, आता ब्राझीलच्या शर्टात, जोडीला बेबेटो. या वेळी प्रशिक्षक कापेल्लो नाही, साकी. मालदिनी पुन्हा मध्यभागी, कारण कोस्ताकुर्ता पुन्हा निलंबित. शेजारी बारेसी, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर साडेतीन आठवड्यांच्या आत उभा राहिलेला. 120 मिनिटं, गोल नाही. जगातला त्या वर्षीचा सगळ्यात धारदार आघाडीवीर दोन अंतिम सामने खेळला, 210 मिनिटं, आणि पेनल्टी शूटआउट सोडलं तर त्याला गोल मिळाला नाही. प्रशिक्षक वेगळे, शर्ट वेगळे, शेजारी वेगळे. दोन्ही मधल्या फळ्यांत समान माणूस एकच.

शंकेखोर : हे तुम्ही आतापर्यंत दिलेलं सगळ्यात चांगलं, आणि म्हणूनच त्यातून मला उलटं दिसतं. अथेन्सला बारेसी नव्हता, कोस्ताकुर्ता नव्हता, त्यांच्याऐवजी गाली आणि पानुच्ची आले, मालदिनीची स्वतःची जागा बदलली. अर्धी फळी हलवली तरी युरोपातल्या सगळ्यात सुंदर संघाला एक गोल करता आला नाही! याचा अर्थ माणसं बदलून चालत होतं. बारेसीशिवाय चाललं, मालदिनीशिवाय चाललं नसतं हे कशावरून?

आणि तुमच्या प्रयोगाला माझा एक प्रयोग. 2002 ला मालदिनी इटलीच्या संघातून गेला. त्याच्या चौदा वर्षांत इटली 1994 च्या विश्वचषकाचा आणि 2000 च्या युरोचा अंतिम सामना हरली. 2006 ला, तो नसताना, विश्वचषक जिंकली. सात सामन्यांत दोनच गोल खाल्ले : एक झाक्कार्दोचा स्वयंगोल, दुसरा झिदानची पेनल्टी. खेळता खेळता एकाही विरोधकाला गोल करता आला नाही. तिसऱ्याच सामन्यात नेस्ताही जखमी होऊन बाहेर गेला होता. बॅलन द'ऑर मिळाला कॅनावारोला. मालदिनी त्या पुरस्कारात दोनदा, 1994 ला आणि 2003 ला, तिसऱ्या क्रमांकावर राहिलेला.

चाहता : तो नसताना जिंकले म्हणजे तो असून उपयोग नव्हता, असं होत नाही.

शंकेखोर : आणि तो असताना गोल झाला नाही म्हणजे त्याच्यामुळे झाला नाही, असंही होत नाही.

चाहता : ठीक. पण मग ही कसोटी सगळ्यांना लावा. 1989 च्या अंतिम सामन्यात स्टेआवाविरुद्ध व्हॅन बास्टेननं डोक्यानं गोल केला, तो चेंडू आत टाकला होता तास्सोत्तीनं, उजव्या बाजूच्या बचावपटूनं. तो गोल कुणाचा? व्हॅन बास्टेन नसता तर दुसरं कुणी तिथे उभं असतं का? श्रेय असं सोलत गेलात तर आघाडीवीराच्याही हातात काही उरत नाही. तुम्ही बचावपटूकडे पुरावा मागता आणि गोल करणाऱ्याला विश्वासावर सोडता.

शंकेखोर : नाही, फरक आहे. गोलाच्या बाबतीत भांडण वाट्याचं असतं : किती तास्सोत्तीचा, किती व्हॅन बास्टेनचा. काहीतरी घडलंय, हे दोन्ही पक्षांना मान्य असतं. न झालेल्या गोलाच्या बाबतीत मुळात काही घडत होतं का, इथपासूनच भांडण. रोमारियो त्या सेकंदाला धावायला निघणार होता आणि मालदिनीला बघून थांबला, की त्याला धावायचंच नव्हतं? हे रोमारियोलाही सांगता येणार नाही.

चाहता : इथे मात्र मी तुमच्याबरोबर थोडा येतो. आताच्या सामन्यांत कॅमेरे प्रत्येक खेळाडूची जागा क्षणाक्षणाला टिपतात. कोण कुठे उभं होतं, कोणता पास बंद झाला, हे मोजायचा प्रयत्न होतो. मालदिनीच्या ऐन काळातलं आपल्याकडे काय आहे? टीव्हीचं चित्रण. ते चेंडूच्या मागे फिरतं. चेंडू उजव्या बाजूला असताना डावीकडे तो काय करत होता, हे चौकटीबाहेरच राहिलं. आघाडीवीराचं सगळं काम कॅमेऱ्यासमोर झालं, त्याचं निम्मं पडद्याआड. पण म्हणून ते झालंच नाही असं नाही. पॅसडिनाचा सामना पुन्हा लावा. चेंडू बघूच नका. तो जितका वेळ दिसतो तितका वेळ फक्त तीन नंबर… नाही, इटलीकडून त्या स्पर्धेत त्याचा पाच नंबर होता, तो पाच नंबर बघा.

शंकेखोर : बघायला तयार आहे, पण नियम आधी ठरवा. बघून झाल्यावर, तो किती शांत होता हो, असलं ऐकून घेणार नाही. कुठल्या मिनिटाला तो चुकला असं मी म्हणू शकेन, ते आत्ता सांगा. नाहीतर दिसला तरी थोर, नाही दिसला तरी थोर, हे तुमचं चालूच राहणार.

चाहता : लिहून घ्या. चेंडू मागे खेळला गेला आणि तो वर सरकला नाही, तर चूक. समोरच्यानं मान उचलली आणि त्यानं मागे पाऊल टाकलं नाही, तर चूक. बेबेटो आणि रोमारियो यांच्या मधल्या जागेऐवजी तो दोघांपैकी एकालाच चिकटला आणि दुसरा मोकळा राहिला, तर चूक, मग गोल होवो न होवो. आणि याच तीन गोष्टी त्यानं बरोबर केल्या, तर प्रत्येक वेळी एक खूण जमेला. 120 मिनिटांत किती खुणा होतात ते तुम्हीच मोजा, मी पेन हातात धरणार नाही.

शंकेखोर : हे पटलं. एकच राहिलं. शेजारी बारेसी आहे. तो आठ वर्षांनी मोठा, सगळ्या फळीला ओरडून हलवणारा. मालदिनी वर सरकला तो स्वतःच्या डोक्यानं की बारेसीच्या हाकेनं, हे चित्रफितीत ऐकू येणार नाही. त्या खुणेचं काय करायचं?

चाहता : तिथे नाव लिहू नका. पण खूण मात्र पुसायची नाही.